रक्तातील साक्षीदार आणि हृदयाचे वजन

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत कळ आली म्हणून रात्री-अपरात्री इस्पितळ गाठण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर आला असेल. आधी हृदयाचा आलेख काढतात, मग दंडातून थोडे रक्त घेतात, आणि काही वेळाने एक कागद हाती येतो. त्यावर ‘ट्रोपोनिन’ असा शब्द व त्यापुढे एक आकडा असतो. आकडा मर्यादेच्या आत असला की नातेवाईक ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकतात. मर्यादेबाहेर असला की धावपळ सुरू होते. या आकड्याला एवढा अधिकार कोठून मिळाला, त्याची मर्यादा कशी ठरली आणि ती स्त्री-पुरुष सर्वांना सारखीच लागू पडते काय, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक या प्रश्नांच्या उत्तरावर अनेक मातांचे प्राण अवलंबून होते व आजही आहेत. म्हणून हा इतिहास आपल्यापुढे थोडक्यात मांडीत आहे.

या कथेचा आरंभ तेराव्या शतकातील कैरो शहरापासून करणे योग्य होईल. दमास्कसमध्ये शिकून पुढे कैरोत नावारूपाला आलेले हकीम इब्न अन्-नफीस यांनी १२४२ साली इब्न सीना यांच्या ‘अल्-कानून’ या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. हृदयाच्या उजव्या व डाव्या कप्प्यांमधील पडद्याला सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून रक्त पलीकडे जाते, हे ग्रीक वैद्य गेलन यांचे मत त्या काळी सर्वमान्य होते. नफीस यांनी स्पष्टपणे लिहिले की, हा पडदा घट्ट आहे, त्याला छिद्रे नाहीत, आणि उजवीकडचे रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येते. हृदयाचे पोषण त्याच्या उजव्या कप्प्यातील रक्तावर होते, हे इब्न सीना यांचे म्हणणेही त्यांनी मान्य केले नाही. हृदयाच्या मांसात पसरलेल्या वाहिन्यांतूनच हृदयाला अन्न मिळते, असे त्यांनी सांगितले. आज याच वाहिन्यांत अडथळा आला की ‘हृदयविकाराचा झटका आला’ असे आपण म्हणतो.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. नफीस यांना इब्न सीनांविषयी आदर नव्हता असे नाही. आदर होता म्हणूनच त्यांच्या ग्रंथावर भाष्य लिहिण्याचे कष्ट त्यांनी घेतले. परंतु आदर वेगळा आणि सत्याची तपासणी वेगळी, हे ते जाणत होते. १२८८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा आपले घर व ग्रंथसंग्रह त्यांनी कैरोच्या मन्सुरी इस्पितळाला देऊन टाकला होता. त्यांचे हे भाष्य पुढे विस्मृतीत गेले. १९२४ साली जर्मनीत शिकत असलेल्या मुहीउद्दीन अत्-ततावी या इजिप्शियन डॉक्टरांना बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित सापडले, तेव्हा कोठे जगाला त्याची महती पुन्हा कळली.

मध्यंतरी १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला आणि हृदय हा रक्त ढकलणारा एक स्नायू आहे, हे प्रयोगांनी दाखवून दिले. परंतु हा स्नायू आकुंचन कशाने पावतो, हे कोडे उरलेच. त्याचा पहिला धागा एका चुकीतून हाती आला. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर हे बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग करीत असत. त्या द्रावणात हृदय दीर्घकाळ धडधडत राही. पुढे त्यांच्या लक्षात आले की, द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात न करता साध्या नळाच्या पाण्यात केले गेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थोड्याच वेळात थांबू लागले. नळाच्या पाण्यात थोडासा चुना, म्हणजेच कॅल्शियम होते आणि त्यावरच हृदयाचे आकुंचन चालत होते. रिंगर यांनी आपली आधीची चूक न लपविता १८८३ साली ती जाहीरपणे छापली. चूक कबूल करण्यातूनही ज्ञान वाढते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

कॅल्शियम हवे हे कळले, पण ते स्नायूला हुकूम कसा देते हे कळण्यास आणखी ऐंशी वर्षे लागली. १९४० च्या दशकात हंगेरीतील सेगेद येथे सेंट-ज्यॉर्जी व त्यांचे सहकारी स्ट्राउब यांच्या संशोधनातून अॅक्टिन व मायोसिन या दोन प्रथिनांचे कार्य पुढे आले. १९५४ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखविले की, स्नायूतील या दोन प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो. मग स्नायू सतत आखडलेलाच का राहत नाही? त्याला आवरून कोण धरते? तोक्यो विद्यापीठातील सेत्सुरो एबाशी यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. कॅल्शियमसारखा साधा पदार्थ एवढे मोठे कार्य करीत असेल, हे प्रारंभी अनेकांना पटत नव्हते. परंतु १९६५ साली एबाशी व अयाको कोदामा यांनी तंतूंवर बसलेले एक नवे प्रथिन वेगळे काढले व त्याला ‘ट्रोपोनिन’ हे नाव दिले.

ट्रोपोनिनला कुलपाची उपमा शोभेल. कॅल्शियमची किल्ली लागली की कुलूप उघडते, तंतू सरकतात, हृदयाचा ठोका पडतो. किल्ली निघाली की कुलूप बसते व स्नायू सैल पडतो. पुढे अमेरिकेतील संशोधनातून या कुलपाचे तीन भाग निराळे करण्यात आले: कॅल्शियम धरून ठेवणारा ‘सी’, तंतूंना आवर घालणारा ‘आय’ आणि सर्वांना जागेवर बांधून ठेवणारा ‘टी’. यातील ‘आय’ आणि ‘टी’ यांची हृदयातील घडण हातापायांच्या स्नायूंतील घडणीपेक्षा थोडी वेगळी असते. हा लहानसा फरक पुढे लाखमोलाचा ठरला.

त्याचे कारण असे. पेशी मेली की तिच्या आतील द्रव्ये रक्तात सांडतात. एखाद्या घरात चोरी झाली आणि घरातील वस्तू बाजारात दिसली, तर ती जशी साक्ष देते, तशीच ही द्रव्ये साक्ष देतात. १९५४ साली न्यूयॉर्कच्या लाड्यू, व्रोब्लेव्स्की व कारमेन या तिघांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात ट्रान्सअॅमिनेज नावाचे विकर वाढते, असे प्रसिद्ध केले. रक्तावरून झटका ओळखण्याचा हा पहिला उपयुक्त मार्ग होता. परंतु हा साक्षीदार पक्का नव्हता, कारण तेच विकर यकृतातही असते. त्यानंतर आलेले क्रिएटिन कायनेज हातापायांच्या स्नायूंतही असल्याने नुसते स्नायूत इंजेक्शन दिले तरी वाढत असे. हृदयाखेरीज इतरत्र ज्याचे घर नाही असा साक्षीदार पाहिजे होता. १९८७ साली बर्मिंगहॅम येथे कमिन्स व सहकाऱ्यांनी हृदयातील ट्रोपोनिन ‘आय’ची, तर १९८९ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ह्यूगो काटुस व सहकाऱ्यांनी ट्रोपोनिन ‘टी’ची रक्तचाचणी मांडली. २००० साली युरोप व अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी झटक्याची नवी व्याख्या केली व तिच्यात ट्रोपोनिनला प्रमुख स्थान दिले. पुढे आलेल्या अतिसंवेदनक्षम चाचण्या तर एक लिटर रक्तद्रवात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांइतके ट्रोपोनिनही मोजू लागल्या.

आता या कथेची दुसरी बाजू पाहू. ही बाजू हृदयाच्या वजनाची आहे. निरोगी प्रौढ पुरुषाचे हृदय साधारण ३०० ग्रॅम, तर स्त्रीचे साधारण २५० ग्रॅम भरते. पूर्वी हे वजन मृत्यूनंतरच समजत असे. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथील डॉक्टर इंगे एडलर व भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी, जहाजबांधणीच्या गोदीत लोखंडातील तडे शोधण्यासाठी वापरीत असलेले ध्वनिलहरींचे यंत्र मागून आणले व जिवंत माणसाच्या हृदयाची हालचाल टिपली. आज आपण ज्याला ‘इको’ म्हणतो त्याचा उगम हा असा आहे. १९७७ साली अमेरिकेत डेव्हरो व रायचेक यांनी इकोची मापे शवविच्छेदनात आढळलेल्या वजनाशी ताडून पाहिली आणि डाव्या निलयाचे, म्हणजे साऱ्या शरीराला रक्त पुरविणाऱ्या खालच्या डाव्या कप्प्याचे वजन काढण्याचे सूत्र दिले. १९९० साली फ्रॅमिंगहॅम येथील प्रदीर्घ पाहणीतून दिसून आले की, ज्यांचा हा कप्पा अधिक वजनदार होता त्यांच्यात हृदयरोगाचे व मृत्यूचे प्रमाण अधिक होते. आणि ही गोष्ट स्त्रिया व पुरुष दोघांनाही लागू होती.

आपण म्हणाल, स्नायू वाढला तर चांगलेच की! आखाड्यातील पहिलवानाचे दंड जाड असतात, तो काय आजारी असतो? परंतु रक्तदाबाने जाड झालेल्या हृदयाची गोष्ट निराळी आहे. वर्षानुवर्षे चढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता त्याची भिंत जाड होते, पण तिला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. कुटुंब वाढावे आणि मिळकत तेवढीच राहावी, तशी त्या स्नायूची ओढाताण होते.

हे दोन इतिहास, एक रक्तातील साक्षीदाराचा व दुसरा हृदयाच्या वजनाचा, पुढे एकत्र आले. २०१० साली अमेरिकेतील डॅलस शहराच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३० ते ६५ वर्षे वयाच्या सुमारे साडेतीन हजार सामान्य रहिवाशांची ट्रोपोनिन चाचणी करण्यात आली होती. जुन्या चाचणीत शंभरात एकाच्याही रक्तात ट्रोपोनिन आढळत नव्हते. नव्या चाचणीत चौघांपैकी एकाच्या रक्तात ते आढळले. यांना झटका आलेला नव्हता. मग ते आले कोठून? चुंबकीय चित्रणाने हृदय मोजले तेव्हा दिसले की, ज्यांचे ट्रोपोनिन अधिक, त्यांच्या डाव्या निलयाचे वजनही अधिक होते. पुढील वर्षांत त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही जास्त निघाले. म्हणजे कोणतीही कळ न येता ओढाताणीत असलेले हृदयही थोडी थोडी साक्ष देत असते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, आकडा वाढलेला दिसला म्हणजे झटकाच आला असे नव्हे. जाड झालेले हृदय, मूत्रपिंडाचा विकार, अतिश्रम अशी इतरही कारणे असू शकतात. म्हणूनच डॉक्टर काही तासांच्या अंतराने पुन्हा रक्त घेतात व आकडा चढतो की उतरतो हे पाहतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मोठ्या हृदयाचा आकडा मुळातच थोडा वर असतो, तर लहान हृदयाचा थोडा खाली. पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आकडे कमी असण्याचे हे एकमेव नसले तरी एक प्रमुख कारण मानले जाते. असे असता दोघांना एकच मर्यादा लावणे न्याय्य होईल काय?

मर्यादा कशी ठरते ते पाहा. निरोगी दिसणाऱ्या लोकांचे रक्त तपासून त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडतात. शंभरापैकी नव्याण्णव जण ज्या आकड्याच्या आत येतात, ती मर्यादा. आता या रांगेत स्त्री-पुरुष एकत्र उभे केले तर वरच्या टोकाला बहुतेक पुरुषच येणार व मर्यादा त्यांच्या मापाने ठरणार. एका शिंप्याने साऱ्या शाळेचे गणवेश सर्वांत उंच मुलाच्या मापाने बेतावेत, तसाच हा प्रकार होय. एका प्रचलित ट्रोपोनिन ‘आय’ चाचणीत एकत्रित मर्यादा लिटरमागे २६ नॅनोग्रॅम निघाली. पण वेगळी काढली तेव्हा पुरुषांची ३४ आणि स्त्रियांची केवळ १६ भरली. म्हणजे २० आकडा असलेल्या स्त्रीला एकत्रित माप ‘सर्व ठीक आहे’ असे सांगणार, आणि तिचे स्वत:चे माप ‘थांबा, नीट पाहा’ असे सांगणार. (चाचणीगणिक हे आकडे बदलतात, हे मात्र लक्षात असू द्यावे, एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या मर्यादेशी ताडून पाहू नये.)

स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे अनूप शाह, निकोलस मिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचीच परीक्षा घेतली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात झटक्याचा संशय असलेले ११२६ रुग्ण होते. जुन्या पद्धतीने स्त्रियांपैकी ११ टक्के स्त्रियांना झटका आल्याचे निदान होत होते. अतिसंवेदनक्षम चाचणी व स्त्रियांसाठी वेगळी मर्यादा वापरली, तेव्हा हे प्रमाण २२ टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट झाले. पुरुषांत ते १९ वरून अवघे २१ टक्के झाले. जुन्या मापातून निसटलेल्या त्या स्त्रियांना वर्षभरात मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचा धोका, निदान झालेल्या स्त्रियांइतकाच मोठा होता. वाचकहो, या टक्केवारीमागची माणसे डोळ्यांपुढे आणा. ‘काही नाही, घरी जा’ असे ऐकून त्या परतल्या असत्या, आणि त्यांचे हृदय मात्र खरेच सांगत होते.

एवढ्यावर कथा सुखान्त झाली असती तर किती बरे झाले असते! परंतु सत्य सांगितले पाहिजे. त्याच संशोधकांनी स्कॉटलंडमधील ४८ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. वेगळ्या मर्यादेमुळे नव्याने ओळखल्या गेलेल्यांत पुरुषांच्या पाचपट स्त्रिया होत्या. पण ओळख पटूनही स्त्रियांना मिळालेले उपचार पुरुषांच्या तुलनेत जवळजवळ निम्मेच होते, आणि त्यांच्या प्रकृतीच्या परिणामांत सुधारणा दिसली नाही. माप सुधारले, पण मापानंतर हलणारे हात सुधारले नाहीत. साक्षीदाराने साक्ष दिली, तरी ती ऐकणारा पाहिजे.

हे सारे दूरदेशीचे आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आणखी एक दाखला देतो. केरळात जन्मलेले व बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत हृदयविकाराच्या कारणांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर यांसारखी बदलता येण्याजोगी नऊ कारणेच बहुतेक झटक्यांच्या मुळाशी असल्याचे तीत दिसले. २००७ साली त्याच पाहणीतून असेही पुढे आले की, आपल्या दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांतील लोकांना ५९ च्या सुमारास येतो. आपल्याकडे हा रोग घरातील कर्त्या माणसाला लवकर गाठतो. हृदय जाड करणारा रक्तदाब तर वर्षानुवर्षे मुकाट्याने आपले काम करीत राहतो.

आता पालक बंधू-भगिनींना विचारावेसे वाटते: आपल्या घरात अब्बांचा रक्तदाब किती हे बहुधा सर्वांना ठाऊक असते, अम्मीचा किती, हे किती जणांना ठाऊक आहे? सर्वांना वाढून शेवटी जेवणारी, रोज्याच्या दिवसांत सर्वांआधी उठणारी ती स्त्री, दम लागला तरी ‘थकवा आहे, उतरेल’ असे म्हणून कामाला लागते. छातीत दडपण, धाप, घाम, जबड्याकडे वा पाठीकडे जाणारी कळ, यांपैकी काही अचानक सुरू झाले तर ते सहन करण्याची गोष्ट नाही. तिने सांगण्याची वाट न पाहता तिला ताबडतोब इस्पितळात न्यावे. रक्तदाबाची औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांना सांगावे. पहिला आकडा बरा आला तरी, ‘पुन्हा तपासणी करावी लागेल काय?’ आणि ‘ही मर्यादा स्त्रियांची आहे काय?’ असे अदबीने विचारावे. असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. जाणत्या डॉक्टरला त्याचे कौतुकच वाटेल.

आणि विद्यार्थिनींनो, तुम्हांला विशेष सांगावयाचे आहे. या इतिहासात कोणी प्रमाण ग्रंथातील छिद्रे नाकारली, कोणी स्वत:चीच चूक छापली, कोणी सर्वांनी मानलेली मर्यादा पुन्हा मोजून पाहिली. सारेच काही अलौकिक नव्हते, पण ‘हे असेच आहे कशावरून?’ एवढे विचारण्याची सवय त्यांना होती. स्त्रियांच्या देहाची मापे आजही अनेक बाबतीत अपुरी आहेत. ती घेण्यासाठी शिकलेल्या मुली पाहिजेत: डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि आकडेशास्त्राच्या अभ्यासक. एखाद्या मुलीची शाळा आठवीतच थांबते, तेव्हा एक प्रश्न विचारणारी कमी होते. आणि न विचारलेल्या प्रश्नाची किंमत कोणाच्या तरी आईला मोजावी लागते.

इब्न अन्-नफीस यांनी आपली पुस्तके इस्पितळाला दिली. आपण आपली मुले-मुली ज्ञानाला देऊ या. हृदये अल्लाहने वेगवेगळ्या आकारांची घडविली आहेत. त्यांना न्याय द्यायचा तर प्रत्येकाचे ऐकून घेण्याची तयारी ठेवली पाहिजे. आणि त्याचा आरंभ आपल्या घरातील अम्मीपासूनच व्हावा, एवढीच विनंती.